हेकरू आणि छाजेड मॅडम

पहिल्याच तासाला छाजेड मॅडमनी बरणीतून मासा काढला, त्याचा जबडा फाकवला आणि चार बोटं मुळापर्यंत आत घातली. मागच्या बाकावर एकीला ओकारी आली.

"हा हेकरू. समुद्रात पोवळ्याच्या खडकात दबा धरून बसतो. चघळत बसत न्हाई. तोंड उघडलं की पाण्यासकट समोरचा आत!"

जालन्यातल्या जैन व्यापारी घरातली ही बाई. ज्या घरात अंड्याचं नाव निघत नसे, तिथून उठून लक्षद्वीपला जाऊन हा मासा घेऊन आलेली. मी बदनापूरहून रेल्वेने कॉलेजला यायचे ते त्यांचं प्राणीशास्त्र ऐकायला. हेकरू आधी मादी असतो, पुढे त्यातलाच एखादा नर होतो, हे ऐकून कुणी हसलं की डस्टर भिरभिरत यायचं. नेम चुकत नसे. मासा ओळखताना "वाटतं" म्हटलेलं तर मुळीच खपत नसे.

"वाटतं काय? पाठीवरचे काटे मोज, अकरा भरले का बघ. अंगावर मधाच्या पोळ्यासारखे ठिपके, छातीच्या परावर, पोहायच्या पंखावर, काळे ठिपके. मंग बोल!"

कॉलेजच्या निवडणुकीत मारामाऱ्या झाल्या. एका दुपारी रुमाल बांधलेली टोळी प्रयोगशाळेवर चालून आली. त्यांना हवा असलेला उमेदवार आत लपला होता. मॅडम दारात आडव्या झाल्या. "पोराला हात लावायचा न्हाई!"

एकाच्या हातातली सळई फिरली ती शेजारच्या कपाटावर बसली. बरण्या फुटल्या, काच आणि फॉर्मलिन त्यांच्या डोळ्यांत गेलं. तशातही त्यांनी सळईवाल्याचा रुमाल ओढून काढला. आमच्याच वर्गातला संदीप! टोळी पळाली. मी मॅडमचं डोकं नळाखाली धरलं. लाल पाणी वाहत होतं आणि त्या माझ्यावरच ओरडत होत्या, "मासा उचल, जल्दी! पायाखाली येऊन राह्यलाय!"

डावा डोळा गेला. संदीपच्या वडिलांनी दवाखान्यात पाय धरले, तरी पोलिसांना दिलेलं नाव मॅडमनी मागे घेतलं नाही.

जामिनावर सुटलेला संदीप वार्षिक प्रॅक्टिकलला आला. मॅडमनी त्या दिवशी उचललेला तोच हेकरू त्याच्यापुढे ठेवला. तो माशाला हात न लावता म्हणाला, "मॅडम, माझ्या हातून..."

"ते कोर्टात सांग. इथं माशाचं नाव सांग."

रडत रडत त्यानं काटे मोजले, ठिपके दाखवले, नाव बरोबर सांगितलं. मॅडमनी पूर्ण मार्क दिले.

पुढे कोर्टात त्याच्याविरुद्ध साक्ष देताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. बाहेर आल्यावर मात्र माझं मनगट दुखेपर्यंत आवळून म्हणाल्या, "पोरगं हुशार होतं गं."