अंतराळयानातला नमस्कार

चाकांच्या खुर्चीची कुरकुर ऐकली की मला नानाखेड्यातली ती दुपार आठवते. मी पहिली विज्ञान कादंबरी लिहिली होती आणि माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी होकार दिल्यावरच ती प्रकाशकाकडे पाठवायची, असे ठरवले होते. कारण तिच्यातला वृद्ध अंतराळवीर म्हणजे सर आणि त्याचा शिकाऊ सहायक म्हणजे मी, हे उघड होते. त्या दुपारी सर घरी हस्तलिखित वाचत होते. यानातल्या निरोपाच्या प्रसंगी शिष्य गुरूंना वाकून नमस्कार करतो, तिथे सर थांबले. “बेटा, यानात वजन जाणवत नाही ना? मग तू पायांना हात लावलास की मी मागे जाणार. आठवीत शिकवलं होतं.” “पण सर, भावना...” “भावनेलाही नियम लागू आहेत. चल, करून बघू.” ते चाकांच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही पाय उचलून पुढे केले. मी भक्तिभावाने, किंचित जास्तच जोराने, वाकलो. सर मागे घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या दारात पोहोचले. आतून काकू म्हणाल्या, “अहो, श्रावण लागला नाही अजून, महाकालाच्या पालखीआधी तुमचीच सवारी निघाली का?” चौकट धरून सर प्रसन्नपणे म्हणाले, “सिद्ध झालं! लिही, गुरू आधी यानाच्या भिंतीवरचा दांडा पकडतो. मग खुशाल पाठव.” त्या हळव्या प्रसंगी गुरू दांडा का पकडतो, असे वाचक आजही विचारतात आणि मी त्यांना नियम समजावून सांगतो. मात्र एखादा विद्यार्थी माझ्या पायांशी वाकला की, जमिनीवर घट्ट उभा असूनही, माझा हात आपोआप टेबलाची कड शोधतो.