तळटिपेतला सरदार

दत्तोजीराव माझ्या बहिणीचा, भागीरथीचा नवरा. त्याच्याबद्दल बरं बोलावं असं भागीरथी सांगते, पण मला ते जमत नाही. राजवाड्याच्या तबेल्याच्या कचेरीत कारकुनी, लष्कर मोहल्ल्यात दोन खोल्या, आणि मिजास मात्र सरदाराची. बडा घर पोकळ वासा म्हणतात, इथे तर घरही बडं नव्हतं. त्याचा पणजोबा म्हैसूरच्या फौजेत घोड्यांना दाणावैरण घालायचा, हे मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पण एका दसऱ्याला यानं एक चोपडं छापलं आणि त्यात पणजोबाला पाचशे स्वारांचा सरदार करून टाकलं. वर त्याची एक प्रत नव्या विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयाला आग्रहानं देऊन आला.

पुढे माझ्या भाचीला, वनजाला, हुणसूरच्या खंडोजीरावांच्या मुलाचं स्थळ आलं. तंबाखूचा व्यापार, माणसं साधी. नंजनगूडच्या जत्रेत तिनं मुलगा पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. सुपारी फोडायचीच काय ती राहिली होती. पण दत्तोजीरावाचं एवढ्यानं कसं भागणार? व्याह्यांपुढे कुळाचा पुरावा ठेवायचा म्हणून तो रुमाल बांधून ग्रंथालयात गेला.

तिथले ग्रंथपाल तिरुमलराव यांनी विषय विचारून मराठा फौजेवरचे चार ग्रंथ काढून दिले. तीन ग्रंथांत पणजोबाचा पत्ता नव्हता, तेव्हा यानं ते पक्षपाती ठरवले. चौथ्यात, मद्रासच्या एका प्राध्यापकाच्या पुस्तकात, पाचशे स्वारांची ओळ सापडली. तिरुमलराव म्हणाले, आधार कशाचा दिलाय तेही खाली बघून घ्या. तळटिपेत याच्याच चोपड्याचं नाव होतं.

"हे तर तुमचंच की, स्वामी," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर शरमेनं उठून गेला असता. हा फुगला. विद्वानसुद्धा माझाच आधार घेतात, असं त्यानं घरी येऊन आम्हालाच फुशारकीनं सांगितलं. मला त्याची किळस आली.

खंडोजीराव सुपारीला आले, तेव्हा यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. तळटीप अर्थातच उतरवून आणली नव्हती. लोडाला टेकून बसलेले खंडोजीराव ऐकता ऐकता सावरून बसले.

"राव, आमच्यात चाल आहे," ते हळूच म्हणाले. "सून बरोबरीच्या नाहीतर खालच्या घरची आणायची. माझा आजा फौजेत घोड्यांना दाणा घालायचा. सरदाराची लेक आमच्या चुलीपुढे कशी बसवू?"

मला राहवलं नाही. यांचा पणजोबाही तेच करायचा, असं मी सांगून टाकलं. खंडोजीरावांचा चेहरा उजळला. त्यांनी दत्तोजीरावाकडे पाहिलं. दाराआडून वनजाही बापाकडेच पाहत होती. त्यानं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

"मेव्हण्याला इतिहास कळत नाही," तो म्हणाला. "विश्वविद्यालयाच्या पुस्तकात आहे ते, सुम्मने, उगाच नव्हे."

खंडोजीरावांनी हात जोडले आणि निघाले. वनजानं सुपारीचं तबक उचललं आणि कुणाकडेही न बघता आत नेलं. दत्तोजीराव खिडकीतून त्यांची गाडी वळेपर्यंत बघत राहिला.

"पाहिलंस?" तो मला म्हणाला. "कसे दबकले."