लाल गाडीतलं जुनं इंजिन

बाबांच्या उजव्या अंगाला लकवा मारला, त्याला तेव्हा आठ-नऊ महिने झाले होते. चालणं-बोलणं पूर्वीसारखं झालं, पण त्या हाताची पकड काही परत आली नाही. मेडशीच्या रस्त्यावरचं आमचं गॅरेज तेव्हापासून बंद होतं. एका टाइल्सवाल्याने ते गोदामासाठी भाड्याने मागितलं. बाबांनी त्याला खंडे नवमीपर्यंत थांबायला सांगितलं, कारण त्या दिवशी आमच्याकडे पान्यांची पूजा होते. तोवर या शेडमधून आपल्या डोक्याने बांधलेली एक तरी गाडी चालू होऊन निघाली, तर गॅरेज ठेवायचं. नाही तर चावी द्यायची. हे त्यांनी आईला सांगितलं, मला नाही. मी कणीक मळत होते, म्हणून मला कळलं.

गाडी घरचीच होती. दादाची लाल स्पोर्ट्स बाइक, ऑइल न बघता पळवल्यामुळे इंजिन जाम झालेली. दादा पुण्याला नोकरीला गेला आणि ती कोपऱ्यात उभी राहिली. तिच्या शेजारी पोत्यात बाबांच्या पहिल्या मोटरसायकलचं टू-स्ट्रोक इंजिन होतं. त्या गाडीची फ्रेम गंजून भंगारात गेली, पण इंजिन त्यांनी ऑइल लावून जपलं होतं. ते इंजिन लाल गाडीत बसवायचं, असं बाबांनी फोनवर सांगितलं तेव्हा दादा हसत सुटला.

“नव्या घोडीवर म्हातारा नवरदेव बसवता काय, बाबा?”

“म्हातारा हाये, पन खोकत नाही,” बाबा म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

मी तेव्हा पदवी संपवून घरीच होते. शाळा वाशीमची, इंग्लिश मीडियम. रोज एसटीने जाऊन यायचे. गावात माझी ओळख तेवढीच. कुणाला औषधाच्या बाटलीवरचं वाचून हवं असलं की माझ्याकडे यायचे, आणि मी वाचून दिलं की परत जायचे. मला ते बरं वाटायचं, कारण त्यापुढे बोलावं लागत नसे. गॅरेजमध्ये मी लहानपणापासून बसत आले होते, पण बघत. हात कधी लावला नव्हता. बाबा म्हणाले, “डोकं माहं, हात तुहे.” मी शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला लागले.

काम मला वाटलं होतं तितकं अवघड नव्हतं. नव्या गाडीला सेन्सर आणि वायरींचं जाळं होतं; ते बाबांनी सगळं काढायला लावलं. जुन्या इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी एवढंच लागायचं. ते फ्रेमला धरून ठेवायला लोखंडी पट्ट्या हव्या होत्या. त्यांचा नमुना बाबांनी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कापून घेतला. कात्री मी चालवायची, आणि त्यांचं डावं बोट पुढे पुढे सरकायचं. टेप त्यांनी एकदाही मागितला नाही. मी मात्र प्रत्येक माप पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये वहीत लिहीत होते. बाबा वहीकडे बघायचे आणि पुढचं काम सांगायचे.

इंजिन बसलं आणि चेन लावायची वेळ आली. पुढचं आणि मागचं दातेरी चाक एका रेषेत असावं लागतं, नाही तर चेन तिरपी ओढली जाते. बाबा मागच्या चाकाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले.

“इंजिन दोन सूत डावीकडं पाह्यजे. चाचाकडून तेवढे बुश करून आन.”

बुश म्हणजे इंजिन आणि पट्टीच्या मधे बसणारी जाड लोखंडी कडी, हे मला माहीत होतं; सूत म्हणजे काय, ते नव्हतं. मिस्त्री लोक मिलिमीटरला सूत म्हणत असतील, असं मी धरून चालले... नाही, खरं सांगायचं तर मी धरून चालले नव्हते. मला शंका आली होती. पण ज्या घरात सगळं वाचायला माझ्याकडे देतात, तिथे एवढं साधं विचारायची मला लाज वाटली. वहीत मी लिहिलं, दोन एमएम.

चाचा म्हणजे आमच्या तालुक्याच्या मालेगावचे लेथवाले. बाबांचं सगळं लेथचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच व्हायचं. त्यांनी वही पाहिली, चष्मा वर केला.

“बेटा, एवढ्या पातळ चकतीले बुश नाही म्हनत. वायसर म्हनतेत.”

मी नुसती मान हलवली. त्यांनी तीन तुकडे कापून दिले आणि मी ते रुमालात बांधून एसटीने परत आले.

मी ते बसवले, नट आवळले. बाबांनी पुन्हा मागून एक डोळा मिटून पाहिलं.

“मले अजून आतच दिसते. दोन सूत टाकले ना?”

मी हो म्हणाले.

“मंग माह्याच डोळ्याचं असन,” ते म्हणाले आणि उठले.

शेडच्या मागे पांदण आहे, शेतात जायची कच्ची वाट. गाडी मी तिथेच चालवून पाहायची होती. तोंडाला स्कार्फ बांधून मी किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. निळा धूर, तो जुना खडखडीत आवाज. सोयाबीन काढणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या. मी क्लच सोडला आणि जेमतेम बाभळीपर्यंत गेले, तोच कडकड आवाज होऊन चेन उतरली. गाडी ढकलत आणताना मी बाबांकडे बघितलं. ते रागावले नव्हते. उलट धूळ झटकून म्हणाले, राहू दे, जेवायला चल.

रात्रीच्या जेवणात त्यांनी आईला सांगितलं की टाइल्सवाल्याला हो म्हणून टाकू. आई म्हणाली, नवमीला अजून चार दिवस आहेत.

“चार दिवसानं काय होनार? हात गेला ते गेला, आता अंदाजबी गेला. माहं दोन सूत कधी चुकलं व्हतं काय?”

मी ताट ठेवून आले आणि वहीतलं ते पान उघडलं.

सकाळी वही घेऊन मी मालेगावला गेले. चाचांना विचारताना माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी लेथ बंद केली. सूत म्हणजे किती?

“इंचाचे आठ भाग कर. त्यातला एक भाग म्हंजे एक सूत. काहून?” मग त्यांना वहीतला आकडा आठवला असावा. ते खुर्चीत मागे टेकले आणि हसले. “अवं, मिस्त्रीनं पाव इंच सांगतला आन तू मले दोन एमएम देल्ले? शाळेची बस याच्यासाठी पकडत व्हती काय रोज?”

मी म्हणाले, चाचा, आता बरोबर करून द्या. त्यांनी नवे तीन बुश कापले. हातात धरल्यावर ते खरोखर बुश वाटत होते. निघताना त्यांनी हळूच विचारलं, “मिस्त्रीले सांगनार ना?”

परतीच्या बसमध्ये मी वेगवेगळी वाक्यं जुळवून पाहिली. बाबांना न सांगताही बुश बदलता आले असते. गाडी चालली असती, गॅरेज राहिलं असतं. पण मग आपण दोन सूत सांगितलं आणि ते चुकलं, असंच ते धरून बसले असते. पुढच्या गाडीला अंदाज सांगताना थबकले असते, आणि का थबकले ते एकट्या मला माहीत असतं.

बाबा शेडच्या दारात स्टुलावर बसले होते. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी त्यांच्या डाव्या तळहातावर आधी जुना तुकडा ठेवला, मग नवा.

“हा मी टाकला होता. तुम्ही सांगितला तो हा आहे.”

त्यांनी दोन्ही तुकडे अंगठ्याने चाचपले, मग उन्हाकडे धरले. “मंग तुनं हो काहून म्हनलं?”

“मला सूत माहीत नव्हतं. विचारलं नाही.”

“मले इचारायले काय झालं व्हतं?”

“लाज वाटली.”

मला वाटलं, आता शाळेचं निघेल. पण ते माझ्याकडे बघतही नव्हते. तो पातळ तुकडा नव्याच्या कडेला लावून फरक पाहत होते.

“म्हंजे दीडेक सूत आत व्हतं,” ते स्वतःशीच म्हणाले. “मले दिसत व्हतं. मी म्हनलं बी तुले, आतच दिसते म्हून.”

“हो. म्हणाला होतात.”

“मंग डोळा बराबर हाये.” त्यांनी नवा तुकडा माझ्या हातात दिला. “बसव. आन आता जे समजत नाही ते तोंडानं इचारत जाय. मले बी तुही वही वाचता येत नाही. मी काय लाजतो काय?”

दुपारी मी बाबांना मागे बसवून पांदणीने निघाले. बाभळीशी माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. चेन गुणगुणत चालली होती. पाठीमागून बाबा म्हणाले, दुसरा टाक. मी दुसरा गिअर टाकला. बाया पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्यातली एक ओरडून काहीतरी म्हणाली, आणि बाबांनी डावा हात वर केला. कालव्यापर्यंत जाऊन आम्ही वळलो. रस्त्यावर न्यायला आधी आरटीओतून इंजिन बदलाची मंजुरी घ्यावी लागणार होती. तो अर्ज मी भरावा, हे त्यांनी वळतानाच सांगून टाकलं.

घरी आल्यावर त्यांनी मला टाइल्सवाल्याचा नंबर लावायला सांगितला. फोन कानाशी धरून ते दोनच वाक्यं बोलले: शेड रिकामी नाही, आणि तुमी चहाला या. आई आतून ऐकत होती. तिने पितळेच्या ताम्हणासाठी चिंच भिजत घातली. नवमी तोंडावर आली होती.

मी हात धुवायला निघाले, तर बाबांनी थांबवलं. पहिल्यांदा तापलेलं इंजिन थंड झालं की हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, नट पुन्हा आवळावे लागतात.

“का?” मी विचारलं.

ते सांगू लागले. मी पाना घेऊन इंजिनाशेजारी बसले. ते अजून गरम होतं.