एनके म्हणजे नाईक

“तुमच्या लिस्टमध्ये सात माजी जवान आहेत. त्यातले पाच तुम्ही दोन वर्षांच्या कोर्सला टाकलेत. का?”

हे विचारतच मी केबिनमध्ये शिरले. हातात दोन पानी पत्र होतं, प्रिंट काढून, सही करून. आमचे ऑपरेशन्स मॅनेजर मिस्टर फादी मूळचे लेबनॉनचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही, आणि भांडायला आलेल्या माणसाला त्याचाच जास्त राग येतो.

“ग्लेनिस, आधी बस.”

“उभीच बरी आहे.”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. “हे बघ. रँक, नॉट नोन. पाचही जणांची. आर्मीत होते हे मान्य. पण तिथे माणसं सांभाळत होते की बटाटे सोलत होते, हे मला कसं कळणार?”

“मग बाकीच्या दोघांचं कसं कळलं?”

“त्यांच्यासमोर ‘हॅव’ लिहिलंय. म्हणजे त्यांना रँक आहे. कुठली ते मी विचारलं नाही.”

मला तिथेच शंका यायला हवी होती. पण रागात माणूस वाचत नाही. मी पत्र टेबलावर ठेवलं आणि बाहेर पडले. पत्रात ‘सरळसरळ भेदभाव’ हे शब्द तीन वेळा होते.

मी आखातात, जबल अलीतल्या एका सिक्युरिटी कंपनीत ट्रेनिंग कोऑर्डिनेटर आहे. वेअरहाउसना आम्ही गार्ड पुरवतो. त्यात भारतीय फौजेतून निवृत्त झालेले बरेच. जवान सतरा-अठरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-सदतिशीत बाहेर पडतो. घर चालवायचं असतं, म्हणून इथे येऊन गेटवर उभा राहतो. यातले काहीजण मुक्त विद्यापीठातून डिग्रीही करतात. बारा तासांची ड्यूटी करून, लेबर कॅम्पच्या वरच्या बंकवर बसून, मोबाइलवर लेक्चर ऐकत. कंपनीने कॉलेज शिकणाऱ्या अशाच गार्डसाठी ऑफिसर ट्रेनिंग काढलं. ऑफिसर म्हणजे एका अख्ख्या साइटचा जबाबदार माणूस. हाताखाली तीस-चाळीस गार्ड, आणि सोबत फॅमिली व्हिसा मिळेल अशी ग्रेड.

तिथे पोचायचे रस्ते दोन. पहिला कॅडेट कोर्स, दोन वर्षांचा. सगळं पहिल्यापासून शिकवतात, घाई नाही, नापास सहसा कुणी होत नाही. दुसरा फास्ट ट्रॅक, बारा आठवड्यांचा. ज्यांनी आधी गणवेशात राहून माणसं हाताळली आहेत, फक्त त्यांच्यासाठी. शेवटी एकच परीक्षा. त्यात घसरलात तर परत गेटवर, आणि दोन वर्षं अर्ज बंद.

सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला ‘लीडरशिप म्हणजे काय’ हा धडा पहिल्यापासून गिरवायला लावायचा, याला मी अपमान म्हणते. वसईत कॉलेजात असताना अशा गोष्टींवर मी पत्रकं लिहायचे आणि स्टेशनबाहेर वाटायचे. इथे तसं काही वाटता येत नाही. मॅनेजरच्या टेबलावर पत्र ठेवता येतं, तेवढं मी केलं.

त्या पाचांपैकी दत्ता जगताप त्या दिवशी ड्यूटी संपवून ट्रेनिंग रूममध्ये आले. साताऱ्याकडचे, वय एकोणचाळीस, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्यांना काही तक्रारच नव्हती. मला त्याचाही राग आला.

“दोन वर्षं तर दोन वर्षं, मॅडम. आपण हुकमाचे ताबेदार.”

“हुकूम चुकीचा असला तर?”

“तर चुकीचा हुकूम बरोबर पाळायचा.” ते हसले.

“मुलगी किती वर्षांची तुमची?”

“नऊ.” हसू जरा उतरलं. “सतरा वर्षं फौज, चार वर्षं इथं. रजेवर गेलो की बॅग ठेवायच्या आधी विचारते, पप्पा, परत कधी जाणार? बाकीची पोरं म्हणे ‘कधी येणार’ विचारतात.”

म्हणजे हिशेब साधा होता. बारा आठवड्यांत ऑफिसर झाले तर पोरगी दहाव्या वर्षी बापाजवळ. नाहीतर तिला अजून दोन वर्षं व्हिडिओ कॉल.

“फॉर्मवर रँक का नाही लिहिलीत मग?”

“लिहिली की! नाही म्हणतंय कोण?”

मी एचआरमध्ये गेले. तिथला डेटा एंट्रीवाला शिजू केरळचा, आमचं बोलणं हिंदीत. “शिजू, ओरिजिनल फॉर्म निकालो.” त्याने स्कॅन उघडले. रँकच्या रकान्यात जगतापांच्या सुबक अक्षरात दोन इंग्रजी अक्षरं होती. एन आणि के.

“देखो मॅडम, एनके. नॉट नोन.”

“ये किसने बोला?”

“सब बोलते हैं. ब्लड ग्रुप मालूम नहीं, एनके. बाप का जनम तारीख मालूम नहीं, एनके. पाँच साल से यही चल रहा है.”

मी जगतापांना फोन लावला. ते म्हणाले, “मॅडम, फौजेत नाईक असंच लिहितात. एनके. आणि हवालदार असला की एचएव्ही.”

शिजूने दुसरे दोन फॉर्म काढले. एचएव्ही. कॉम्प्युटरने स्वतःच्या अकलेने पुढे एक ‘ई’ जोडला होता. दोन हवालदार त्या एका ‘ई’च्या जोरावर फास्ट ट्रॅकला लागले होते. पाच नाईक मात्र स्वतःचा हुद्दा बरोबर लिहून अनोळखी ठरले होते.

भेदभाव वगैरे काही नव्हतं. माझं पत्र मात्र अजून मिस्टर फादींच्या टेबलावर होतं.

“शिजू, पूरा नाईक लिखो. आज ही.”

“लिखता हूँ मॅडम, गुस्सा मत करो.”

दुसऱ्या दिवशी मिस्टर फादींनी मला बोलावलं. माझं पत्र त्यांच्यासमोर होतं आणि शेजारी नवी लिस्ट. दत्ता नाईक. संभाजी नाईक. विलास नाईक. शिजूने पाचही जणांची आडनावं बदलून ठेवली होती.

“ग्लेनिस, हे पाच भाऊ एकाच कंपनीत कसे आले?”

आता मात्र मी खुर्चीत बसले. नाईक हा हुद्दा असतो, आडनावही असतं, आणि इथे हुद्दा आहे, हे सांगितलं. दहा जणांच्या सेक्शनमध्ये हवालदारानंतरचा माणूस नाईक. हवालदार रजेवर गेला की सेक्शन त्याचंच. बटाटे कुणी सोलायचे तेही तोच ठरवतो.

मिस्टर फादींनी पेनने लिस्ट दुरुस्त केली. “खलास. पाचही जण पात्र. पण पात्र आहेत म्हणून घेतलंच पाहिजे असं नाही. त्यांना विचार.”

मी विचारलं नाही. मी सांगितलं. पाचही जणांना एकत्र बसवून पाऊण तास सांगितलं, की हा तुमचा हक्क आहे आणि हक्क सोडणं म्हणजे पुढच्यांचा रस्ता बंद करणं. विलास पवार लगेच तयार झाले. “माझं नाव लिहा, मॅडम. फक्त इंग्लिश रिपोर्टचं जरा...”

“रिपोर्टचं नंतर बघू,” मी म्हणाले आणि नाव लिहिलं.

जगताप म्हणाले, “मॅडम, तुम्ही रस्ता मोकळा केलात. पण चालायचं मला आहे. दोन दिवस द्या.”

दोन दिवसांनी त्यांनी एक फुलस्केप कागद आणला. वर लिहिलं होतं, अ‍ॅप्रिसिएशन. मला वाटलं आभाराचं पत्र. पण फौजेत अ‍ॅप्रिसिएशन म्हणजे निर्णय घ्यायची पद्धत. आधी आपल्याला नेमकं साधायचंय काय, ते एका ओळीत. मग त्यावर परिणाम करणाऱ्या गोष्टी. मग समोरचे रस्ते, प्रत्येकाचे फायदे-तोटे. शेवटी निवड. त्यांनी साध्य लिहिलं होतं : ‘कुटुंब एका वर्षात इथे आणणे आणि नोकरी टिकवणे.’ जमेच्या बाजूला माणसं, शिस्त, साइटची माहिती. कच्च्या बाजूला एकच गोष्ट, खाली दोन रेघा मारून : ‘इंग्रजी रिपोर्ट. आत्ता परीक्षा झाली तर नापास.’ निवड फास्ट ट्रॅकचीच होती, पण एका अटीवर. ड्यूटी सुटल्यावर रोज सकाळी कॅडेट कोर्सच्या रिपोर्ट रायटिंगच्या तासाला बसू द्यावं.

मी तो कागद मिस्टर फादींना वाचून दाखवला. त्यांनी एका ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

“याला हे कुणी शिकवलं? हे आपण दहाव्या आठवड्यात शिकवतो.”

“नाईक होण्याआधी शिकवतात म्हणे.”

“बसू दे त्याला तासाला. ज्याला बसायचंय त्याला बसू दे.”

जगताप बसले. नवीन पोरांच्या मागच्या बाकावर, गणवेशातच, डोळे तारवटलेले. पहिल्या आठवड्यात त्यांनी लिहिलेल्या रिपोर्टमध्ये आग वेअरहाउसला लागली की मॅनेजरला, ते कळत नव्हतं. आठव्या आठवड्यात कळायला लागलं.

पाचांपैकी दोघांनी विचार करून दोन वर्षांचाच कोर्स घेतला. त्यातल्या एकाची डिग्री पुढच्या वर्षी संपते, त्याला दोन्ही झेपलं नसतं. बरोबर होतं त्याचं. तिघे फास्ट ट्रॅकला गेले. परीक्षेत फायर अलार्मचा प्रसंग होता. जगतापांनी चार मिनिटांत वेअरहाउस रिकामं केलं, माणसं मोजली, एक ड्रायव्हर कमी भरला तर त्याला टॉयलेटमधून शोधून आणलं, आणि मग रिपोर्टवर पूर्ण वेळ घालवला. पास. शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायच्या आत बायको आणि मुलगी शारजात आल्या. तिथल्या रोल्ला भागात, माझ्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या पलीकडे त्यांनी घर घेतलंय. मुलगी शाळेचा सगळा हिशेब बापाला रोज ऐकवते, आणि तो ऐकताना जगतापांना झोप लागते, अशी वहिनींची तक्रार आहे.

मिस्टर फादींनी फॉर्ममधला रँकचा रकाना काढून टाकला. आता तिथे विचारतात : तुमच्या हाताखाली किती माणसं होती, किती काळ?

तिघांतले एकटे पवार नापास झाले. वेअरहाउस त्यांनी जगतापांपेक्षा लवकर रिकामं केलं होतं. रिपोर्टमध्ये मात्र तीनच ओळी. सकाळच्या तासाला ते गेले नव्हते, कारण रिपोर्टचं नंतर बघू असं त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि सांगणारी मी होते. आता ते परत गेटवर आहेत. दोन वर्षं अर्ज बंद, पण सकाळचा तास सगळ्यांना खुला आहे, आणि तिथे ते पहिल्या बाकावर बसतात. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले, “सोडा हो, मॅडम. पुढच्या वेळी फक्त माझं वाक्य पूर्ण होऊ द्या.”