वृंदा मॅडम आणि दाढेखालची नस

दीडेक महिना झाला असेल. एका पेशंटला मी अक्कलदाढेचा स्कॅन काढायला उल्हासनगरला पाठवलं होतं. तो तासाभरात माझीच चिठ्ठी घेऊन अंबरनाथला माझ्या दवाखान्यात परत आला. म्हणाला, "सेंटर बंद आहे, डॉक्टर. शटरवर कागद लावलाय... मॅडम वारल्या." मी चिठ्ठी उगाच उलटसुलट करून पाहिली. वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडम, नस कुठून जाते तेवढं बघा.' पंधराएक वर्षं मी त्यांना हेच विचारत आलो होतो. बदलापूरला राहत्या घरी, सकाळचा चहा घेताना त्यांना झटका आला, असं मागाहून कळलं.

डॉ. वृंदा कारखानीस दातांच्या एक्स-रेच्या डॉक्टर होत्या. दात काढायचे नाहीत, भरायचे नाहीत, फक्त बघायचे. मी नवा सर्जन होतो, तेव्हा यात एवढं बघण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांशी जबड्याच्या हाडातून एक नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, कधी काही दिवस, कधी कायमची. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण प्रत्येकाची नस आपल्याच वाटेने जाते, हे त्यांच्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं. तेव्हा आमच्याकडे थ्री-डी मशीन आलं नव्हतं. साध्या फिल्मवर नस मुळावरून गेलेली दिसायची, पण ती गालाकडून जाते की जिभेकडून, ते कळायचं नाही. मॅडमनी मला खिडकीपाशी नेलं. "बोट धरा समोर. आता डोकं डावीकडे न्या. बोट कुठे गेलं?" बोट खिडकीच्या गजांवरून उजवीकडे सरकलं होतं. "जवळचं सरकतं, लांबचं राहतं. आपणही मशीनची नळी थोडी हलवून दुसरा फोटो काढू, आणि काय सरकतं ते बघू." मला तो खेळ वाटला. फोटो आला तेव्हा नस कुठल्या बाजूला आहे, ते खरोखरच दिसलं.

पुढे थ्री-डी मशीन आलं, आणि मग शहाडचा सुरेश आला. डाव्या बाजूच्या अक्कलदाढेपाशी त्याला तिसऱ्यांदा सूज आली होती. मॅडमच्या सेंटरवर काढलेल्या साध्या एक्स-रेवर मला विशेष काही वाटलं नाही. मी त्याला तारीखही देऊन टाकली. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "घाई करू नका. मुळावर काळा पट्टा दिसतोय, नसेच्या कडेची पांढरी रेघ तिथेच तुटलीय. म्हणजे नस मुळाला चिकटलेली असू शकते. माणूस काम काय करतो?" मी म्हणालो, "ते विचारलं नाही." त्या म्हणाल्या, "मग विचारा ना."

सुरेश लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. मॅडमनी त्याला वाद्य घेऊनच बोलावलं. मीही गेलो. "ओठ नेमका कुठे ठेवता, दाखवा बघू." त्याने खालचा ओठ दातांवर दुमडून तोंड लावलं. त्या चष्मा वर करून इतक्या जवळून बघत होत्या, की तो लाजला. मग स्कॅन झाला. पडद्यावर स्कॅनचा एकेक काप पुढे सरकवत त्या थांबल्या... नस दोन मुळांच्या मधोमध अडकली होती. सुरेशने पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ओठ सुन्न झाला तर खल्लास, मॅडम. अपना धंदाच ओठावर आहे."

एक मार्ग होता. दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं हाडातच राहू द्यायची. मी तोवर ते कधी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घाबरलो होतो. मुळं पुढे त्रास देऊ शकतात, पुन्हा चिरावं लागू शकतं, हेही मॅडमनी सुरेशला सांगितलं. त्याने विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "मला क्लॅरिनेट येत नाही. कुठला धोका परवडेल, ते तुम्हीच ठरवा." त्याने मुळं ठेवायचं ठरवलं. मी कल्याणच्या एका अनुभवी सर्जनना सोबतीला घेऊन शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या दिवशी सुरेश ओठाला चिमटा काढत आला आणि म्हणाला, "लागतंय." त्या वर्षीच्या लग्नसराईत तो वाजवत होता. वर्षभराने पुन्हा फोटो काढला, तर मुळं आपोआप वर सरकून नसेपासून लांब आली होती. दोन्ही फोटो शेजारी लावून मॅडम कितीतरी वेळ बघत बसल्या.

गेल्या आठवड्यात त्यांच्या यजमानांनी मला सेंटरवर बोलावलं. "यातलं मला काही कळत नाही, तुम्ही बघा," म्हणत त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. आत एक्स-रेची पाकिटंच पाकिटं. प्रत्येकावर डावीकडे मॅडमचा अंदाज, उजवीकडे सर्जनला दाढ काढताना प्रत्यक्षात काय सापडलं ते. जिथे अंदाज चुकला, तिथे त्यांनी लाल पेनने बारीक अक्षरांत कारण शोधलं होतं. चुकलेली पाकिटं बरीच होती. माझ्या पेशंटांचीही त्यात होती. मला कधी बोलल्या नव्हत्या.

सगळ्यात वरचं पाकीट त्या गेल्या त्याच आठवड्यातलं होतं. डावीकडे लिहिलं होतं, 'मुळाच्या टोकाला बाक असावा.' उजवी बाजू कोरी. पाकिटावर ज्याचं नाव होतं, त्या सर्जनला मी तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "नाही हो, सरळ होतं मूळ. का?"

मी टेबलावरचं लाल पेन घेतलं, उजवीकडे 'सरळ' असं लिहिलं आणि दिवा लावून पाकिटातली फिल्म बघायला बसलो... त्यांना तिथे बाक का दिसला असेल?