एका रस्त्याची तीन भूमिपूजनं

अयोध्या नगरात आमच्या घरासमोर एक रस्ता आहे. म्हणजे, होणार आहे. आत्तापर्यंत त्याचं तीनदा भूमिपूजन झालंय. पार्षद, म्हणजे आमचे नगरसेवक, तेच; नारळ नवा, पाटी नवी. खड्ड्याच्या कडेला तिन्ही पाट्या ओळीने उभ्या आहेत, शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारख्या.

मी आवाज गोळा करतो. वेल्डिंग, शेजारच्या काकूंचा कुकर, काहीही. त्याचे तुकडे जोडतो आणि त्याला संगीत म्हणतो. बाबा त्याला शॉर्टसर्किट म्हणतात. ते कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, तेव्हा मत तज्ज्ञाचं. आवाज गोळा करण्याच्याही आधीपासून मी नकला करायचो. गावच्या शाळेत गणितापेक्षा जास्त मार मी हेडमास्तरांच्या आवाजापायी खाल्लाय.

तर तिन्ही भूमिपूजनं मी रेकॉर्ड केली होती. एकदा सहज एकावर एक ठेवून वाजवली आणि उडालोच. तिन्ही भाषणं शब्दन्‌शब्द एक! "ये सड़क नहीं, आपकी..." मग खोकला, मग "तरक्की है." खोकलासुद्धा त्याच जागी. शाळेत मला कॉपी केली म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं. हा माणूस स्वतःचीच कॉपी करतो आणि वर हार घालून घेतो. रस्ता दरवेळी नव्याने मंजूर होतो, आणि खडी-डांबर दरवेळी कुठेतरी जिरतं.

आम्ही काही जण बरखेड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये असले प्रयोग करतो. ऐकायला निम्मे मित्र, निम्मे मित्रांचे आईबाप, बहुतेक आमच्याच नगरातले. या वेळी मी हेच वाजवायचं ठरवलं. आता, हॉल सांभाळतो पार्षदांचा भाचा. त्याला लागला सुगावा.

"को खां," इथल्या बोलीतलं 'काय राव' टाकून त्याने विचारलं, "मामाजी का रीमिक्स बना रहे हो?"

"रीमिक्स कहाँ भैया, ओरिजिनल ही तीन बार है."

"वो आइटम हटा दो. बाकी सब बजाओ. नहीं तो लाइट का कोई भरोसा नहीं."

घरी बाबा वैतागले. "गझल म्हण की जरा! ह्या लोकांशी कशाला पंगा?"

"बाबा, त्याच खड्ड्यात तुमचा पाय मुरगळलाय."

"माझा पाय माझं मी बघतो."

खोटं कशाला बोलू, फाटली होती माझी. एक तुकडा काढायचा, बाकी सगळं मंजूर. एवढंच तर मागत होता तो. पण आमच्या रस्त्याचंही असंच झालं असणार. कुणीतरी कुठेतरी "एवढंच ना?" म्हणून सही केली असणार. मी तुकडा काढला नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी अजून खिडकीतून ऊन येत होतं. पहिला नारळ फुटला, भाषण सुरू झालं, त्यावर दुसरं चढलं, लोक हसायला लागले, आणि खटॅक. स्पीकर बंद, पंखेही बंद.

दारातून भाचा म्हणाला, "ट्रिप हो गया. क्या करें?"

मागच्या रांगेतून बाबा उठले. "ट्रिप-बिप काही नाही. मेन बंद केलाय कुणीतरी."

मी माइक खाली ठेवला. जिभेने टाळूवर 'टॉक्' केलं, नारळ फुटला. मग पोट पुढे काढून पार्षदांच्या आवाजात सुरू झालो. "माताओं, बहनों, ये सड़क नहीं, आपकी..." आणि थांबलो.

सगळा हॉल खोकला.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण तिन्ही वेळा उन्हात उभी राहिलेली माणसं होती ती. "तरक्की है!" तीच ओरडली. मी म्हटलं, "बारिश से पहले सड़क..." "चकाचक!" दुसऱ्या फेरीत कुणाच्या तरी आईने खालची पट्टी धरली. तिसऱ्या फेरीत मी नुसता हात हलवत होतो. असा कोरस मला पुन्हा काही मिळायचा नाही. बाबाही खोकत होते. जरा आधीच, बेताल, पण दणकून.

भाचा लालेलाल. "अब ये हॉल भूल जाओ."

"भूल गए, भैया. अब सड़क पे बजाएँगे. वहाँ वैसे भी कोई गाड़ी नहीं चलती."

बोलून तर गेलो. बाबांना स्कूटरवर मागे बसवून घरी निघालो. पाट्यांपाशी बाबांनी स्कूटर थांबवायला लावली. खड्ड्याकडे पाहिलं, मग आमच्या घराकडे.

"इथे वाजवणार म्हणालास. लाइट कुठून घेणार?"

"लागतच नाही बाबा. बघितलंत ना आज."

"तुला नसेल लागत. लोकांना पंखे नकोत?" ते लंगडत फाटकाकडे निघाले. "आपल्या मीटरवरून वायर ओढतो. बघू कोण मेन बंद करतो ते."