चारनंतरचं पाणी

तपासणीच्या तक्त्यात पाण्यासाठी एकच ओळ होती: पिण्याचे पाणी पुरेसे आहे काय. मी 'होय' लिहिलं. बायकांच्या दालनात तीन माठ होते. दिवस कलला तरी काठोकाठ भरलेले, झाकणं घासलेली. कळमनुरीच्या रस्त्यावरचा तो वृद्धाश्रम अनुदानावर चालायचा आणि ते पुढं द्यायचं की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं. जिल्हा नुकताच झाला होता, समित्या भराभर नेमल्या जात होत्या. आमच्या समितीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि महिला प्रतिनिधी म्हणून मी. वय तेवीस.

घोटाळा सापडणार याची मला खात्री होती. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील चळवळीतले, पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. वडील म्हणायचे, मागण्या शेवटी, आधी एक माणूस उभं कर, म्हणजे लोक वाचतात. इथं मात्र उभं करायला कुणी मिळेना. चादरी धुतलेल्या, वरण दाट, औषधांचे डबे ज्याचे त्याला वेगळे. मुख्याध्यापक ओळीमागून ओळ 'समाधानकारक' लिहीत चालले होते.

दालनाच्या टोकाला एक म्हातारी खाटेवर बसली होती. बंजारा तांड्यावरची तिथं ती एकटीच. तांड्यावर आईला याडी म्हणतात, म्हणून सगळ्या तिला याडीच म्हणत. आश्रमानं दिलेल्या साडीवर तिनं स्वतःची आरसे लावलेली ओढणी घेतली होती. मी विचारलं, "इथं काही तकलीफ?"

"काई न्हाई. समदं बराबर हाय."

शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, "बराबर काहून म्हणतीस? दोनदा दवाखान्यात पडून आलीस की."

"तू गप बैस. तुझे दात कुठं ठेवलेस ते हुडक आधी."

मी याडीजवळ टेकले. मुख्याध्यापक स्वयंपाकघराकडं गेल्यावर ती बोलली. संडास अंगणाच्या पलीकडं. वाटेवरच्या फरशा उखडलेल्या, दिवा नाही. पावसाळ्यात एकजण तिथं पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून अंधारात उठायला लागू नये म्हणून बायका चारनंतर पाणीच पीत नव्हत्या. माठ भरलेले होते ते त्यामुळं. पाणी कमी पडून याडीला लघवीची जळजळ व्हायची, ताप चढायचा. आता तिसऱ्यांदा दवाखान्यात न्यावं लागलं तर मुलाला बोलावून घरी पाठवू, असं अधीक्षकांनी तिला सांगून ठेवलं होतं. मुलगा आणि सून ऊसतोडीला जायचे. वर्षातले सहा महिने घराला कुलूप.

"हे लिहू नको, पोरी," ती म्हणाली. "मला इथंच ऱ्हायचंय."

मी 'होय' खोडलं आणि संडास दूर असल्यानं बायका पाणी पीत नाहीत, एवढं एक वाक्य लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि म्हणाले, "एवढं बास आहे."

मला ते बास वाटलं नाही. आठवडाभरात मी पत्रक छापून घेतलं. सुरुवात अशी होती: 'फाटक्या ओढणीतली, तांड्यावरची एक म्हातारी रोज तहानलेली झोपते.' हिंगोलीच्या स्टँडवर आणि कळमनुरीच्या आठवडी बाजारात मी ते स्वतः वाटलं. नाव घातलेलं नव्हतं. तेवढ्यानं आपण तिचा शब्द राखला, असं मी धरून चालले.

अधीक्षकांना जिल्ह्याच्या कार्यालयात बोलावून जाब विचारला गेला. दोन महिन्यांत दालनाला लागून नवा संडास झाला, दिवा आला. मी बघायला गेले तेव्हा संध्याकाळी माठ निम्म्यावर उतरले होते. टोकाच्या खाटेवर मात्र दुसरीच बाई होती.

"तिला लेक घेऊन गेला," शेजारची आजी म्हणाली. "तुझा कागद आला, त्याच हप्त्यात."

अधीक्षक कधी आवाज चढवून बोलत नसत. मी म्हटलं, "ती तिसऱ्यांदा आजारी पडली नव्हती."

"नव्हती. पण आमच्याकडं तिची आबाळ होते, असं तुम्हीच छापलंत. मग ठेवून कशी घेणार, ताई?"

मी प्रवेशाचा नियम मागून घेतला आणि वाचला. बाहेरच्या एका जबाबदार माणसाची सही हवी होती. आजारपणात बोलावलं की त्यानं यायचं, दवाखान्यात सोबत राहायचं. मुलाला ते जमत नव्हतं.

"मी सही केली तर?"

त्यांनी अर्ज माझ्यापुढं सरकवला. "दर वेळी यावं लागंल."

मी सही केली. जादा खाट टाकायला त्यांनी हरकत घेतली नाही.

तांडा सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, फाट्यापासून आत. मुलाच्या घराला कुलूप होतं. याडी पुतण्याच्या ओसरीत राहत होती. मला बघून तिनं बाज झटकली.

"संडास जवळ आला म्हणं?"

"आला. दिवाबी लागला. तुला न्यायला आले मी. सही करून आले."

तिनं बाजेवर मला जागा करून दिली. मग म्हणाली, "त्या कागदात माझं काय लिवलं होतंस, ते वाच."

एक प्रत पिशवीत होती. मी वाचायला लागले. पुतण्याची बायको दारात येऊन उभी राहिली. पहिल्याच वाक्यावर याडीनं हात वर केला.

"थांब. फाटकी?"

"हो."

"फाटकी न्हवती. जुनी हाय." तिनं ओढणी काढून माझ्या मांडीवर पसरली. आरशांभोवतीचे टाके एकेक करून दाखवले. "हे मी घातलेत. कुठं फाटलंय, दाव."

फाटलेलं कुठंच नव्हतं. मी पेन काढलं, 'फाटक्या' खोडून वर 'जुन्या' लिहिलं. बाकीच्या प्रती लोकांच्या घरी तशाच होत्या.

"पुढचं वाच," ती म्हणाली.

पुढचं ऐकून तिनं आणखी दोन ठिकाणी थांबवलं. पुतण्याच्या बायकोकडून तिनं जुनं धोतर मागून घेतलं, त्यात लुगडी आणि गोळ्यांची पुडी ठेवली आणि बोचकं बांधायला बसली.